एक बऱ्यापैकी अपयश पाहिजे

तीर्थरूप मावशीच्या चरणी (नव्या गुडघ्याच्या बाजूने जरा जपूनच) नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिना चढतेस का? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस की नुसतंच 'करते हो' म्हणतेस? (तू वाढवलंयस मला, तुझं 'करते हो' मी चांगलं ओळखते.) इकडे सगळे मजेत. हे ठणठणीत, लेक ठणठणीत, आणि सासूबाईंचं तर विचारूच नकोस. काळजीत काय ती मी एकटी, कारण माझ्या आयुष्यात काही म्हणजे काही बिघडलेलं नाही, असं एका तज्ज्ञाने मला तोंडावर सांगितलंय.

त्याचं असं झालं. त्या मोठ्या बिझनेस स्कूलचं खूळ माझ्या डोक्यातून जात नाही, हे तुला ठाऊकच आहे. या वयात कसली शाळा, असं लोक म्हणतात. म्हणू देत. लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसून मी इतकी वर्षं अडकलेल्या माणसांशी फोनवर बोलतेय. घाबरू नका, दाराला लाथा मारू नका, आमचा माणूस निघालाय. (माणूस निघालेला नसतो, तो डबा खात असतो.) आणि माझ्यामागून आलेली पोरं त्या स्कूलचा शिक्का घेऊन भराभर वर जातात, मग मलाच विचारतात की तक्रार म्हणजे नेमकं काय असतं! मला राग येतो, मावशी. हेवा म्हण हवं तर. पण मला ते शिकायचंय, आणि तिथेच शिकायचंय.

आपली शक्यता किती, हे आधी इंटरनेटवरच्या एका अंदाजयंत्राला विचारलं. माहिती भरली की ते निकाल सांगतं. मला म्हणालं, काठावर. वय थोडं कमी करून पाहिलं, तरी काठावर. छंदांत गिर्यारोहण घातलं, तरी काठावरच. शेवटी वैतागून ह्यांची माहिती भरली, तर 'उत्तम' आलं! (ह्यांना सांगितलेलं नाही. एरवीही त्यांना स्वतःबद्दल काही कमी वाटत नाही.) म्हणून समोरच्या इमारतीतल्या प्रवेश-सल्लागारांकडे गेले. वयाने माझ्याहून लहान, पण दाढी अशी की आपण आपोआप 'अहो' म्हणतो. त्यांनी माझे कागद पाहिले, गुण चांगले म्हणाले, अनुभव चांगला म्हणाले, मग मान हलवत म्हणाले, ताई, यात अपयश कुठाय? त्या स्कूलला म्हणे यंदापासून एक निबंध लागतो, तुमचं आजवरचं सर्वांत मोठं अपयश आणि त्यातून तुम्ही काय शिकलात. यशस्वी माणसं त्यांच्याकडे ढिगाने येतात, नीट आपटलेलं माणूस मिळत नाही. तुमच्याकडे एक बऱ्यापैकी अपयश असतं, तर तुमची शक्यता कुठच्या कुठे गेली असती.

घरी येऊन जेवताना विषय काढला. सासूबाई तर वाटच बघत असल्यासारख्या सुरू झाल्या. बाहेरच्या खोलीचे पडदे (वीतभर आखूड), गच्चीतली झाडं (मेली), ह्यांचा निळा शर्ट (इस्त्रीने मेला), आणि लग्नानंतर वाढलेलं ह्यांचं वजन. लेकीने मी तिला सायकल शिकवल्याची आठवण करून दिली. (ती अजून डावीकडे वळत नाही. उजवीकडे वळत वळत घरी येते.) ह्यांनी खूप विचार केल्यासारखं केलं आणि मला काही आठवत नाही म्हणाले. शहाणा माणूस! दुसऱ्या दिवशी मी ही सगळी शिदोरी घेऊन सल्लागारांकडे गेले, तर त्यांनी सगळी एका फटक्यात नापास केली. म्हणाले, हे फार घरगुती आहे, याला व्याप्ती नाही.

मी म्हटलं ठीक आहे, कचेरीत एक व्याप्ती असलेलं अपयश उभं करू. आमच्याकडे दुरुस्तीचे एक मुख्य कारागीर आहेत, त्यांना सगळे फौजदार म्हणतात. लिफ्टशी गोड बोलतील, पण माणसाशी बोलायचं म्हटलं की अंगावर धावून येतात. तर मी साहेबांकडून मंजूर करून घेतलं की यापुढे लिफ्ट सुरू झाली की कारागिरांनी लगेच निघायचं नाही, आतून सुटलेल्या माणसाजवळ थांबून त्याची दोन शब्द विचारपूस करायची. पहिला मान फौजदारांना. आठवड्याच्या आत मारामारी होणार, निदान एक तरी लेखी तक्रार येणार, याची मला खात्री होती. निबंधाचा पहिला परिच्छेदसुद्धा मनात तयार होता.

कसलं काय! पहिल्याच दिवशी एक आजोबा अडकले होते. फौजदारांनी त्यांना बाहेर काढलं, पाणी दिलं आणि पायरीवर बसून जे बोलायला लागले, ते थांबेनात. त्या माणसाच्या पोटात इतकी वर्षं एवढं बोलणं साठलं होतं, हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. आता लोक त्यांनाच पाठवा म्हणून अडून बसतात. एका बाईंनी तर लिफ्ट चांगली चालू असताना घंटा दाबली, फौजदारांच्या मुलीला नोकरी लागली का ते विचारायला. तक्रारी निम्म्यावर आल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर मला फुलांचा गुच्छ दिला आणि मी कपाळाला हात लावून बसले.

तो गुच्छ टेबलावर आपटून मी घरात तणतणले, की मला साधं अपयशीसुद्धा होता येत नाही. सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याच शाळेने तुला दोनदा नाही म्हटलं, ते काय होतं मग?"

मावशी, खरंच की! मला ते सुचलंच नव्हतं, आणि का सुचलं नव्हतं सांगू? पहिल्या वेळी तू म्हणालीस, तिथे वशिला चालतो. दुसऱ्या वेळी हे म्हणाले, मुलाखत घेणाऱ्याला सर्दी झाली होती, त्याचं लक्षच नव्हतं. लेकीने तर ती शाळाच वाईट आहे असं जाहीर करून टाकलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून ते अपयश माझ्यापर्यंत पोचूच दिलं नाहीत. तुमचे उपकार मानू की तुमच्याशी भांडू, ते मला अजून कळत नाहीये. वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. (पण रडले वगैरे मुळीच नाही.)

त्याच संध्याकाळी निबंध लिहायला बसले. पहिलं वाक्य थेट त्या स्कूलला उद्देशून लिहिलं, 'माझे आजवरचे सर्वांत मोठे अपयश म्हणजे आपण, आणि तेही दोनदा.' पुढे काय शिकले तेही लिहिलं. मागच्या दोन्ही मुलाखतींत मी त्यांना आवडेल असंच बोलत राहिले, तक्रारींच्या टेबलाबद्दल अवाक्षर काढलं नाही, कारण मला त्याची लाज वाटत होती. आता वाटत नाही. सल्लागारांनी वाचलं आणि पांढरे पडले, हे पाठवू नका म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, एक प्रत मला ठेवू का? मी प्रत दिली आणि निबंध पाठवून दिला. आता जे होईल ते होवो, पण यंदा मला आतून वाटतंय की होईल.

बाकी विशेष काही नाही. हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, आपलं सहज. गुडघ्याला जप.

तुझी लाडकी,
कटकट

ता. क. हे पत्र तीन दिवस टेबलावरच राहिलं, ते बरं झालं. मुलाखतीचं बोलावणं आलं! शिवाय त्यांनी लिहिलंय की समिती भेटायला उत्सुक आहे. मागच्या दोन्ही वेळी कुणी उत्सुक नव्हतं.

ता. क. पुन्हा एकदा. सहज आठवलं म्हणून. घेतलं तर दोन वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग, आणि लेक तर दुपारीच घरी येते. तू इकडे राहायला येशील का? खिडकीजवळची खोली तुझी. लग्नात खुर्च्यांवरून तुझं आणि सासूबाईंचं जे झालं, ते त्या केव्हाच विसरल्या आहेत.

विहीणबाई, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली चार ओळी लिहिते. खुर्च्यांचं मी काही विसरलेले नाही. तरी तुम्ही या. रडले नाही असं ही लिहिते, पण दोन्ही वेळा न्हाणीघरात नळ सोडून रडली. मी बाहेर दाराशी उभी होते. आत जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवावा, हे मला जमत नाही, कधीच जमलं नाही. तुम्हाला जमतं. या वेळी तिला घेतील, माझी खात्री आहे. पण तुम्ही निकालाच्या आधी या.