दुपट्याचं तोंड

प्रिय शिवकन्या,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नको, इथं कुणाला काही झालेलं नाही. मी बरी आहे, म्हणजे बीपीची गोळी घेते आणि दोन घास खाते. गाय व्यायली, कालवड झाली. तुला फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी विहीणबाई बसलेल्या असतात. बाळ कसं आहे विचारलं की उत्तर त्याच देतात. मला जे सांगायचंय ते तुला एकटीला सांगायचंय, आणि मधेच कुणी आवाज येत नाही म्हणून कट करायला नको. म्हणून वही फाडून लिहायला बसले.

कळंबच्या दवाखान्यात तुझी लेक माझ्या मांडीवर दिली, तेव्हापासून घरात वावरताना उगाच मांडी जड लागते. कपाळ तुझ्या आबांचं आहे तिचं, रुंद. ते असते तर गावभर पेढे वाटून घसा बसला असता त्यांचा. पहिलं बाळंतपण माहेरी असतं गं, डिंक कुटून, खोबरं किसून मी डबे भरून ठेवले होते. तुमच्याकडून निरोप आला की दवाखाना इथं जवळ आहे, तिकडं खेड्यात कशाला. मी म्हटलं, बरं. डोहाळजेवणाला मला आत पोळ्या लाटायला बसवलं आणि ओटी भरायला तुझ्या चुलत सासवांना बोलावलं, तेव्हाही मी बरंच म्हटलं. आबा गेल्यापासून मी एवढ्यांदा बरं म्हटलंय की लोकांना वाटतं मला दुसरं काही बोलताच येत नाही.

आमच्या बैठकीबद्दल तुला काय सांगायचं, तू त्या मारुतीच्या मंडपातच रांगायला शिकलीस. सोयाबीन निघालं की दुपारची भांडी उरकून एकेक जण बोचकं घेऊन येते. सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या आयाच. ज्या घरी बाळ येणार त्या घरासाठी दुपटं, जिचं लग्न तिच्यासाठी वाकळ, आणि जुन्या लुगड्यांचे तुकडे सगळ्यांचे. कुठलं ठिगळ कुठं बसवायचं यावरून आम्ही इतक्या भांडतो की पत्ते कुटणारे म्हातारे उठून पिंपळाखाली जातात. उमरग्याकडची उमाबाई रंगाची पक्की. लालाशेजारी लाल बसवलं की ती कानडीत बोलायला लागते आणि आम्हाला कानडी न येता सगळं कळतं. मागच्या साली पुण्याच्या दोन मुली फोटो काढायला आल्या होत्या. ही मोठी कला आहे म्हणाल्या. तुझी मथुराकाकू म्हणाली, आता झाली व्हय कला, आमी तर थंडी वाजती म्हणून करतोय. पण त्या मुली गेल्यावर तीच आठ दिवस दुपट्याला दुपटं न म्हणता कला म्हणत होती.

आबा गेल्यावर मी घरात तोंड लपवून बसले होते, तेव्हा हाताला धरून मला परत मंडपात नेलं ते मथुराकाकूनंच. ते मी विसरलेले नाही. त्याच साली ग्रामसभेत ठरावही झाला होता, नवरा गेलेल्या बायांना सगळ्या कार्यात मान द्यायचा म्हणून. माईकवर भाषणं झाली, पेपरात फोटो आला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मथुराकाकू सगळ्यात पुढं. मला वाटलं, चला, निदान माझ्या मैत्रिणी तरी माझ्या आहेत.

यंदा दिवाळी सरली आणि तुझ्या बाळाचं दुपटं घेतलं. आत मऊ कापड लागतं, म्हणून मी ट्रंकेतला आबांचा मलमलचा पटका काढला. तो कुणाला देणार नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तुला आठवत असेल. त्याच्या घड्या घालून आत पसरल्या. वर माझ्या लग्नातल्या हिरव्या इरकलीचे राघू कापून बसवले, चोचीला चोच लावून, कडेनं चहूकडून. उमाबाईनं त्यांना पिवळे डोळे दिले. राघूला पिवळा डोळा असतो का, यावर दोन दुपारी गेल्या. माझ्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम ते, हे मी सांगत नाही, भांडखोर उमाबाईनंच कबूल केलं.

तुला रीत ठाऊक आहे, तरी लिहिते. तीन बाजू शिवून झाल्या की चौथ्या बाजूला ओंजळभर जागा उघडी ठेवायची. ते दुपट्याचं तोंड. दुपटं उपाशी राहू नये म्हणून त्यातून भाकरीचा नखाएवढा तुकडा आत सारायचा आणि शेवटचे टाके घालून तोंड बंद करायचं. त्या दिवशी तेवढंच राहिलं होतं. भाकरी मी घरून आणली होती, पदराखाली झाकून. सुईत दोरा ओवलेला होता आणि सुई माझ्याच हातात होती.

तेवढ्यात मथुराकाकूचा फोन वाजला. तिला वाचता येत नाही म्हणून तू तिला बोलूनच मेसेज पाठवतेस, तेही ठीक. पण मंडपातली पद्धत कशी विसरलीस गं? कुणाच्याही लेकीचा मेसेज आला की फोन मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी ऐकायचा. लेक एकीची असली तरी खुशाली सगळ्यांची. काकूला कमी ऐकू येतं म्हणून आवाज कायम मोठा. शिवकन्येचा आला, शिवकन्येचा आला, करत तिनं हौसेनं फोन दुपट्यावरच ठेवला, राघूंच्या मधे. आणि तू बोलायला लागलीस.

“काकू, दुपट्याचं तोंड तुम्हीच शिवा. सासूबाईंनी बजावून सांगितलंय, शेवटी आईचा हात लागायला नको. तिला काही बोलू नका, नेहमीसारखं चहाला पाठवा.”

मथुराकाकू घाबरली. फोन बंद करायला गेली आणि कुठं बोट लागलं देव जाणे, तू परत पहिल्यापासून सगळं बोललीस.

मला काय लागलं ते सांगू? सासूबाईंचं नाही लागलं. त्यांचं मी पोळ्या लाटतानाच ओळखलं होतं. लागलं ते तुझं ‘नेहमीसारखं’. आबा गेल्यापासून मंडपात इतकी दुपटी झाली, इतक्या वाकळी झाल्या, आणि दर वेळी तोंडापाशी काम आलं की कुणीतरी म्हणायचं, प्रयागा, चहा ठेव गं, तुझ्या हातचा चहा लई भारी होतो. आणि मी वेडी खूश होऊन उठायचे. घर देवळामागंच. आलं ठेचून, वेलदोडा घालून, कपबश्या विसळून परत येईस्तोवर दुपट्याची घडी घातलेली असायची, हळदीकुंकू लागलेलं असायचं. माझ्या कधी मनातही आलं नाही. मला खरंच वाटायचं गं, माझा चहा चांगला होतो.

आणि हे तुला माहीत होतं. सुट्टीला यायचीस तेव्हा मंडपात खांबाला टेकून तू हे बघत होतीस. एकदाही आईला सांगावंसं वाटलं नाही. बरं, लाजेनं नसेल सांगितलं, वाईट वाटेल म्हणून नसेल सांगितलं, तेही मी पोटात घातलं असतं. पण तू ते नीट लक्षात ठेवलंस आणि वेळ आली तेव्हा वापरलंस. सासूनं सांगितलं ते सासूचं. चहाची युक्ती तुझी.

मंडपात कुणी वर बघेना. जी ती आपापल्या सुईत दोरा ओवत होती. शेवटी मथुराकाकू म्हणाली, “प्रयागा, रीत हाय ती. म्या काय काढली न्हाय.”

मी म्हटलं, “मग आज चहा कोण ठेवतंय?”

कुणीच उठलं नाही. मी भाकरीचा तुकडा आत सारला आणि तोंड शिवायला घेतलं. शांतपणे शिवलं असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, नाकातून पाणी गळत होतं. दोघीजणी डोक्यावर पदर घेऊन निघून गेल्या. उमाबाई कानडीत काहीतरी पुटपुटली, ते मात्र मला कळलं नाही. मथुराकाकू तिथंच बसून राहिली. तिनं मला अडवलंही नाही आणि हातही लावला नाही. गाठ मारून मी दोरा दातानं तोडला.

निकिता म्हणून एक पोरगी येते आमच्यात, तू तिला ओळखत नाहीस. पंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिच्या आईबापांनी तिचं नाव टाकलंय. पोरगं अजून मान धरायला शिकतंय, त्याला ती ओढणीत गुंडाळून आणते. सगळ्या पांगल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मावशी, ताईंना नको असलं तर ते माझ्या पोराला द्याल का? मला तुमच्याच हातचं पायजे.” मी तिच्या अंगावर खेकसले. म्हटलं, माझ्या नातवंडाचं आहे हे, बाजारात मांडलं नाही. ती बिचारी खाली मान घालून गेली. माझा तुझ्यावर अजून भरवसा होता, दुसरं काय.

मथुराकाकूनं तुला कळवलं असणार की मंडपात सगळ्यांनी ऐकलं. मग पोरगी झाली, मी दवाखान्यात आले, तुझ्या उशाशी बसले. तू माझ्याकडं बघत होतीस आणि मी तुझ्याकडं. म्हटलं, बाळंतीण आहे, दमलीय, नंतर बोलेल. घरी येऊन वाट बघितली. परवा तुझा फोन आला. मला वाटलं, आता म्हणेल, आई, चुकलं. मी तर तू म्हणण्याआधीच असू दे म्हणायला बसले होते. तू म्हणालीस, आई, बारशाला यायची दगदग करू नको, सोमेश गाडी घेऊन येतील, त्यांच्याजवळ दुपटं दे. मग आवाज बारीक करून विचारलंस, तोंड कुणी शिवलं? मी म्हटलं, मी. तुझ्या मागं पाळणा करकरत होता. मग तू म्हणालीस, “मग मथुराकाकूंकडून तेवढे टाके उसवून परत शिवून घे ना. कुणाला कळणार नाही.”

मी यालाही बरं म्हटलं. जिभेला सवयच लागलीय. फोन ठेवल्यावर कात्री घेतली, दुपटं मांडीवर घेतलं, पहिल्या टाक्याखाली कात्रीचं टोकही घातलं. एवढं खरं सांगते तुला. बाळासाठी म्हणून मी ते करणार होते. पण आत तुझ्या आबांचा पटका आहे शिवकन्या. ज्या माणसासाठी मी कुंकू लावत होते त्याचा पटका आत चालतो, आणि तो गेला म्हणून माझा हात वर चालत नाही? हे मला काही केल्या पटेना. कात्री बाजूला ठेवली आणि दुपटं घेऊन सरळ निकिताच्या घरी गेले. तिनं पोराला दिवाणावर निजवलं होतं. तिला म्हटलं, मी बोलले ते मनावर घेऊ नको, आणि माझ्या हातानं त्याच्या अंगावर घातलं. ती रडली, मी नाही रडले. घरी येऊन रडले.

उद्या सोमेशराव येतील. त्यांना जेवायला वाढीन, त्यांचा यात काही दोष असला तरी जावई आहेत. डिंकाचे लाडू केलेत, ते तुझ्यासाठी देईन, खा, अंगात ताकद येऊ दे. दुपटं मागितलं की हे पाकीट त्यांच्या हातात देईन, म्हणून लिहायला बसले. तुझ्या लेकीला दुपटं मिळणार नाही. परत मागू नको, निकिताला फोन करू नको, दुसरं करून दे म्हणू नको, आबांचा पटका एकच होता. बारशाला माझी वाट बघायला लागणार नाही, हे तर तूच ठरवलंयस. पोरीला कधी माझ्याकडं आणलंस तर मांडीवर घेईन, तिच्यावर माझा राग नाही. एक मात्र कर. ती मोठी होईल, दुसऱ्यांची दुपटी बघेल आणि तुला विचारेल की माझ्या आजीनं मला दुपटं का नाही केलं. तेव्हा आजीवर ढकलू नको. सांग तिला, आजीनं केलं होतं, माझ्या आईच्या हातचं मलाच नको होतं.

तुझीच,
आई