एका टोळीला दोन जीपा

ती. आईस,
दीपमालाचा पाया पडून नमस्कार. आमी हितं कर्नाटकात ऊसतोडीवर बरे हाव, काळजी करू नको. फोनवर हे बोलता आलं न्हाई. हितं पाचटाच्या झोपड्या, कोपीला कोपी लागून हाय, समदे ऐकतात.

मतदानाला न्यायला आमच्या एका टोळीला दोन जीपा आलत्या. एक आपल्या जातीच्या पुढाऱ्याची, एक शेजारच्या छबुबाईच्या जातीच्या पुढाऱ्याची. तीन सालं एका चुलीवर भाकरी थापल्या, पर त्या दिवशी येगळ्या जीपांत बसलो. आमच्या जीपमधी वाटंनं एकच सांगणं, ‘त्यांच्यापासून जपून ऱ्हावा.’ छबुबाईच्या जीपमधीबी दुसरं काय सांगितलं असंल?

परत आल्यापासून ती माझ्या मोळीला हात लावत न्हाई, मी तिच्या. एकटीनं उसाची मोळी डोक्यावर घेऊन कंबर धरलीय, पर लई न्हाई.

काल मोबाईलवर फोटो आला. दोन्ही पुढाऱ्यांनी मिळून सत्ता घेतली, एकमेकाला पेढा भरवतेत. तो दाखवायला मी छबुबाईच्या कोपीवर गेलते. मला बघून तिनं दारावरचं पोतं खाली सोडलं.

तुझ्यापाशी ठेवलेली माझी आरोही गावात अजून छबुबाईच्या पोरीसंगच शाळेला जाती ना? कोणी कायबी म्हणू दे, तिला येगळी धाडू नको.

तुझी लेक,
दीपमाला