तुझ्या अंगात राहिलेली ताई

आई, आज तुला काहीतरी सांगायचं आहे, आणि तू जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

अमडापूरच्या आपल्या स्वयंपाकघरातली ती दुपार. तू सुपात तूर निवडते आहेस, मी लसूण सोलते आहे, काकू चुलीपाशी. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई दारात बसून विचारतात, "लेकरं किती?" तू म्हणतेस, "तीन." दादा आणि मी, आम्ही तर दोघंच. काकू तिथूनच ओरडली, "दोन सांग वं! मेलेल्याले काऊन मोजतं?" तू सूप खाली ठेवलंस. "कुठी गेली ते? माह्या आंगात हाय." नर्सबाईंनी मान खाली घालून दोनच लिहिलं.

माझ्या आधीची ती ताई, तान्ही असतानाच तापाने गेलेली. त्या दुपारनंतर घरात तुझ्या डोक्याविषयी कुजबुज सुरू झाली. मामाने तुला चिखलीजवळच्या एका भगताकडे नेलं. तू मुकाट्याने अंगारा लावून घेतलास आणि परतताना जीपमध्ये माझ्या कानाशी म्हणालीस, "त्यायले नाही समजत, बाई. मले जाणवते ते."

आता मी चिखलीत अकरावीला जीवशास्त्र शिकवते. आई, शास्त्रज्ञांना आढळलंय की पोटातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि कित्येक दशकं तिच्या शरीरात राहू शकतात, अगदी मेंदूतसुद्धा. त्या तिथे नेमकं काय करतात, हे अजून पुरतं कळलेलं नाही. मानसशास्त्रही बदललंय. गेलेल्या माणसाशी नातं राखून जगणं म्हणजे वेड, असं आता कुणी म्हणत नाही. तुला खरी ठरवायला कुणी भगत लागत नव्हता, आणि खरं तर शास्त्रज्ञही लागत नव्हते. पण काकू हयात असताना हे हाती आलं असतं, तर मी तिला वाचून दाखवलं असतं.

आज वर्गात हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, लेकरू वाचलं नाही, तरी राह्यते?"

"हो, तरीही," मी म्हणाले.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पण एक गोष्ट राहिली. तू गेल्यानंतर माझंही एक बाळ पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं. आम्ही नवरा-बायकोंनी कुणालाच कळू दिलं नाही. आज त्या मुलीला "हो" म्हणताना माझा हात आपसूक पोटावर गेला होता.