चौदावी ओळ

३ मार्च
माश्या मेल्या! सगळ्या नाहीत — फक्त चौदाव्या ओळीवरच्या. चाचणीसाठी मीच आठवड्यापूर्वी जाळीघरात सोडलेल्या पांढऱ्या माश्या. त्यांनी टोमॅटोच्या पानांचा रस शोषायलाच हवा, पानं मुरडणारा रोग पसरायलाच हवा. मग जे रोप टिकेल ते आपलं. आठ वर्षं रानटी टोमॅटोशी संकर करतेय, आणि दर वर्षी हाती भोपळा. आणि आता कुणीतरी औषध मारून ठेवलं! कुणीतरी म्हणजे कोण? किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक माळीकाकांकडे.

४ मार्च
विचारलं. म्हणाले, "ताई, मी पंपाला हातसुद्धा लावला नाही." म्हणे! गेल्याच महिन्यात कोण कुरकुरत होतं — "चांगली रोपं किड्यांच्या पुढ्यात टाकायची, जिवावर येतं हो"? आला असेल पुळका. एक ओळ फवारली, तेवढ्यात कुणाची तरी चाहूल लागली असेल. अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळ्यांसमोर मी बोलले, बोलायचं नव्हतं तेही. ते टोपी हातात धरून उभे. त्याचाही राग आला.

५ मार्च
किल्ली काढून घेतली. साहेबांना लेखी कळवलं. एरवी महिना महिना कागद हलत नाही, आज तासाभरात सही! काकांनी उद्यापासून यायचं नाही. सव्वीस वर्षांची नोकरी.
नवरा म्हणतो, "आधी पानं तपासून तरी घ्यायचीस." पाठवलीत की प्रयोगशाळेत! म्हटलं, पुरावा आला की मग बोल.

७ मार्च
औषध लागलेली रोपं चाचणीत ठेवून काय करू? लोणचं घालू? चौदावी ओळ उपटली. एकटीने, बावीसच्या बावीस रोपं. पानं हाताला चिकटत होती, बोटं काळी झाली. मुळांसकट जाळली. त्या ओळीच्या संकराचं बी सगळं पेरून संपलंय. संपू दे. जरा बरं वाटलं.

१२ मार्च
साहेब विचारतात, निकाल कधी? डोंबल!

१५ मार्च
प्रयोगशाळेचा कागद आला. औषधाचा अंशही नाही. खाली तिथल्या बाईंनी पेनाने लिहिलंय — 'पानांवरच्या लवेतून चिकट रस सुटतो. माश्यांचे पाय त्यात रुतून त्या मेल्या. रोपच माशी मारतंय! अभिनंदन.'

१६ मार्च
काकांच्या घरी गेले. दारातच सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी एवढंच विचारलं — "एखादं तरी रोप ठेवलंत ना, ताई?"