तुरीआडची पाच झाडं

५ मार्च

ताईने आजही पेज परत पाठवली. मक्याची, नारळाच्या दुधातली, वर जायफळ किसलेलं. शाळेच्या स्वयंपाकघरात होते तेव्हा हीच पेज पोरं वाटी चाटूनपुसून खायची! ताई दोन चमचे घेते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. किंग्स्टनच्या डॉक्टरांच्या सुया टोचून झाल्या. आता म्हणतात, खाल्लं तर उभी राहील. नाही खाल्लं तर काय, ते मात्र सांगत नाहीत.

मिंटाताई जन्मभर माझ्यावर ओरडत आली. आता ओरडत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

८ मार्च

एझ्रा लेंडीखत घेऊन आला. टेकाडावर राहणारा, रास्ता पंथाचा, डोक्यावर जटांचा भारा, बकऱ्या पाळतो. ताईचं ऐकून म्हणाला, "मिस आयव्ही, तिला गांजाच्या पाल्याचा चहा दे. भूक लागेल, झोप लागेल. आता कायद्यानं घराला पाच झाडं चालतात, पोलिसांना कशाला भ्यायचं?"

पोलिसांना कोण भितंय! मी ताईला भिते. तिचा ईनॉस सतराव्या वर्षी याच झाडांपायी तुरुंगात गेला. सुटला तो थेट कॅनडाला. आईला परत तोंड दाखवलं नाही. तेव्हापासून ताईची शपथ आहे — ज्या घरात ते झाड, त्या घरात ती रात्र काढणार नाही. हाडांचा सापळा झालाय, जायला दुसरं घर नाही, तरी उठून चालायला लागेल. तशीच आहे ती.

तरी बिया घेतल्या. आभार मानले नाहीत. बियांचे आभार मानले की त्या रुजत नाहीत.

१९ मार्च

खताचा ढीग आता गरम झालाय. कोनफळाच्या साली, नीरफणसाची टरफलं, केळीची सुकी पानं, लेंड्या, किनाऱ्यावरून गोणीभर आणलेलं शेवाळ. सगळं परसात, माझ्या नवऱ्याच्या, हर्बर्टच्या थडग्यामागे रचलंय. पहाटे त्यातून वाफ निघते. आज कोपरापर्यंत हात घातला. झोपलेल्या बाळाचं डोकं असतं ना, तेवढं ऊबदार.

मग थडग्यावर बसून वाफ बघत राहिले. हर्बर्ट गेल्यापासून त्याच्याशी माझं जास्त पटतं, उलट उत्तर देत नाही. चुलीवरची तूर करपली. बसून बघत राहणं हा माझा जुना रोग.

२ एप्रिल

उगवली! पाचही. रंगाचे रिकामे डबे, खिळ्याने पाडलेली भोकं, चाळलेलं खत, वर वाळक्या गवताचं पांघरूण — आमच्या लाल कोरड्या मातीत गवत पांघरल्याशिवाय काहीच जगत नाही. पाणी भांडी धुतलेलं. डबे तुरीच्या ओळीमागे ठेवलेत. ताईच्या खिडकीतून तूरच दिसते.

११ एप्रिल

पाऊस नाही. समुद्रावरून वारा येतो आणि सगळी तूर एका बाजूला झुकते, मग तिच्यामागची ती लहान हिरवी बोटं क्षणभर दिसतात, पुन्हा नाहीशी होतात. दुपारभर तेच पाहत होते. एझ्रा म्हणतो, गांजा हा शब्द उसाच्या मळ्यांवर आलेल्या हिंदुस्थानी मजुरांबरोबर बोटीतून आला. मला ते आवडलं. इतक्या लांबून एक शब्द आला आणि माझ्या डब्यात रुजला.

ताईने आज फक्त पाणी घेतलं.

२४ एप्रिल

दिला! आमच्याकडे कुठलाही पाला उकळला की तो चहाच, आणि कशाचा पाला हे कुणी विचारत नाही. ताईने विचारलं.

"मामफळाचा," मी म्हटलं. त्या सीताफळासारख्या काटेरी फळाचा पाला इथे झोपेसाठी देतातच.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटून कप रिकामा केला.

२६ एप्रिल

संध्याकाळी हाक आली, "आयव्ही, मासा तळतेस का कुणाला जाळतेस? आण इकडे." अख्खा मासा खाल्ला, डोक्यासकट. कसाव्याच्या भाकरीने ताट पुसलं. वर म्हणाली, मीठ कमी होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

८ मे

घात झाला. ताई आज चर्चला आली, आणि साक्ष द्यायची वेळ आली तशी काठी टेकत उभी राहिली. प्रभूने माझी भूक परत दिली, म्हणाली, माझ्या बहिणीच्या हातून, मामफळाच्या पाल्यातून! सगळं चर्च हालेलुया म्हणत उठलं. मी बाकाखाली जायची तेवढी राहिले.

९ मे

सकाळपासून फाटकाशी बायका. सगळ्यांना पाला हवा. माझ्या अंगणात मामफळाचं झाडच नाही, वादळात पडलं त्याला किती वर्षं झाली! मागच्या वाटेने एझ्राकडे पळाले, त्याच्या मामफळाचा खरा पाला ओरबाडून आणला आणि वाटला. एझ्रा हसून हसून जमिनीवर बसला.

१४ मे

चर्चमधल्या सिस्टर मर्टलची तक्रार आली. तिला ना भूक लागली ना झोप, नुसत्या गॅसच्या कळा. म्हणाली, "मिंटाला देतेस तोच दिलास ना गं मला?" मी म्हटलं, श्रद्धेवर असतं. नरकात माझी जागा आता पक्की.

१७ मे

एझ्रा सांगून गेला, पाचांत एखादा नर निघतोच. पेरांशी बारीक गोट्या दिसल्या की लगेच उपट, नाहीतर बाकीची झाडं बियांनी भरतील आणि वाया जातील. मी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मला सगळी सारखीच दिसतात. आणि कळलं तरी माझ्याने उपटवणार नाही. माझ्या कमरेला लागलीत. वाऱ्यात अशी हलतात की आपण उभ्या आहोत की तरंगतोय ते समजत नाही.

२१ मे

चर्चचे पाळक उद्याच्या प्रार्थनेनंतर मंडळींना घेऊन येणार आहेत. त्या झाडाखाली आभाराचं गाणं म्हणायचंय. कुठल्या झाडाखाली!

पाचही उपटून ढिगावर टाकावीत का? मग चहा कुठला? नाही उपटली तर उद्या सगळ्यांसमोर ताईला कळेल, आणि ती जाईल. दिवसभर थडग्यावर बसले. सूर्य बुडाला, ढिगाची वाफ दिसेनाशी झाली. ठरवलं. सकाळी मीच सांगते. जायचंच असेल तर निदान पोटभर खाऊन जाऊ दे.

२२ मे

ताईची खाट रिकामी. तुरीमागे सापडली, उकिडवी बसलेली, हातात उपटलेलं एक झाड. "हा नर होता," म्हणाली. "तुला कधी ओळखता आला असता?" मग झाडाकडेच बघत म्हणाली, "तेव्हाची झाडं माझी होती, आयव्ही. पोलीस आले, पोरगा म्हणाला, माझी आहेत. मी गप्प बसले."

ईनॉसचा नंबर मागितला. फोन लावून दिला. तिकडे वाजतोय.