झाकलेल्या भिंगातला उजेड

२ मार्च
तळवलीत यशोदाबाईंच्या घरी वरची खोली मिळाली. खाली त्या आणि त्यांची मुलगी सोनल. पोचल्या पोचल्या तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी समोर आली. ऑफिस घणसोलीला, चालत दहा मिनिटं. दूर अवकाशात दोन मृत तारे आदळले की गुरुत्वीय लहर येते. ती आल्याची सूचना मिळाली की त्या दिशेच्या छायाचित्रांत कालपर्यंत नसलेला प्रकाश शोधायचा, हे माझं काम. पगार मिळून वर हे काम!

९ मार्च
लहर आली. सकाळपासून जुनी-नवी छायाचित्रं शेजारी ठेवून बघत होते. दुपारी सापडला: एक पांढरा ठिपका. माझा वरिष्ठ अभिराम खुर्चीतून उठून चक्क नाचला. रीतीप्रमाणे मी जगभरच्या वेधशाळांना कळवलं, इथे बघा. घरी येऊन यशोदाबाईंनाही लॅपटॉपवर दाखवला.

११ मार्च
कॅमेऱ्याचे दोष कळावेत म्हणून दुर्बिणीला झाकण लावूनही एक छायाचित्र काढतात. ते पूर्ण काळं यायला हवं. त्यातही ठिपका आहे. त्याच जागी. अभिराम म्हणतो कॅमेरा बिघडलाय. पण परदेशातल्या तीन वेधशाळांनीही झाकलेल्या दुर्बिणीत ठिपका आल्याचं कळवलंय.

१२ मार्च
डोळे मिटले तरी ठिपका दिसतो. काल मोहरीएवढा होता, आज वाटाण्याएवढा. अभिरामला सांगितलं. तो म्हणाला, "तुलापण?"

१४ मार्च
अभिराम आला नाही. त्याच्या बायकोचा फोन आला. त्याने स्वतःचे डोळे— लिहवत नाही. हॉस्पिटलात तो सगळ्यांना एकच विनवतोय, दिवा बंद करा.

१५ मार्च
वेधशाळांना लिहायचंय, बघू नका. अक्षरं दिसत नाहीत, मधोमध नुसतं पांढरं. फोन लावले. कुणीच उचलत नाही. यशोदाबाई सकाळपासून रडतायत. "डोलं मिटलं तरी जात नाय गो. काय दाखवलंस मना?"

१६ असेल
अंदाजाने लिहितेय. खालचं रडणं थांबलं. हसतायत त्या. लॅपटॉप टेबलावर नाही— पलंगावर नाही— खाली नेलाय. सोनलला हाक मारतायत. "ये गो, बघ तरी, कवरा उजेड हाय!"
ओरडले मी. सोनल "आले" म्हणाली, पण मला नाही, आईला— जिना कुठल्या बाजूला—