विसरलेला फटका

तीर्थरूप आप्पांना साष्टांग नमस्कार,

डोळ्यावरची पट्टी निघाली असेल, तरी ताण नको म्हणून अक्षर मोठं काढलंय. आईचे गुडघे कसे आहेत?

मी मजेत आहे. साहेबांच्या आग्रहाने गोल्फ शिकतोय. हसू नका! गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात. दुकानदार सगळ्यात लांब क्लब गळ्यात मारत होता, पण शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आधी मधल्या लांबीचा घ्या, तो हाताला बसू दे." तोच घेतला.

सुरुवातीला चेंडू जागचा हलेना. बाई म्हणाल्या, "तुमच्या हातात अजून बॅटच आहे. ती विसरा. मूठ सैल सोडा, कंबर वळवा." मी नेटाने विसरलो. आता चेंडू छान उंच जातो. साहेब खूश आहेत.

परवा ऑफिसातल्यांनी क्रिकेटला बोलावलं. तुम्ही अंगणात शिकवलेला सरळ फटका मारायला गेलो, तर डावं कोपर वर येईचना. त्रिफळा उडाला. सगळे हसले, मीही हसलो. पण खोलीवर येऊन आरशासमोर कितीतरी वेळ तो फटका शोधत राहिलो. मागे उभे राहून तुम्ही माझं कोपर धरायचात. आता तुमचा हात आठवतो, फटका आठवत नाही.

साहेबांची मर्जी राखली तर रजा मिळेल, एवढ्यासाठीच हे शिकलो होतो, आप्पा. काल रजा मागितली. ते म्हणाले, "आता कुठे जाता? तुम्हाला स्पर्धेत घेतलंय."

या खेपेला येणं होत नाही. आईला तुम्हीच सांगा. मला फोनवर सांगवत नाही.

तुमचा,
धाकटा